भरवणाऱ्या हातांची गोष्ट

जव्हार-मोखाड्याकडच्या एका पाड्यावर चित्रित झालेला हा लघुपट अर्ध्या तासाच्या आत संपतो. ही पुस्तिका त्याच्यासोबत वाचण्यासाठी आहे. ग्रामसभेत, बचत गटाच्या बैठकीत, परिचारिकांच्या आणि बालवाडी शिक्षिकांच्या प्रशिक्षणात तो दाखवला जावा आणि दाखवून झाल्यावर लोकांनी बसून बोलावं, एवढ्यासाठी ती तयार केली. पाड्याचं किंवा कुणा माणसाचं नाव लघुपटात येत नाही, या प्रस्तावनेतही येणार नाही. ज्या घराने कॅमेऱ्याला आपल्या चुलीपर्यंत येऊ दिलं, त्या घराचा तो मान आहे.

आपल्याकडे कुपोषणाचा विषय पावसाळ्याबरोबर येतो. आषाढ-श्रावणात घरातलं धान्य संपलेलं असतं, वाटा बंद झालेल्या असतात, जुलाब आणि ताप पाड्यापाड्यांत फिरत असतात. बालमृत्यूंच्या बातम्या येतात, अधिवेशनात प्रश्न विचारले जातात, दौरे निघतात. भात कापणीला आलं की विषय मागे पडतो. हा लघुपट नेमका तिथून सुरू होतो. खाचरांत भात पिवळा झालेला आहे, माळावर नागली तयार आहे, घरात या वर्षातला सगळ्यात जास्त दाणा याच दिवसांत असणार आहे. आणि याच दिवसांत सव्वा वर्षाचं एक मूल दिवसातून जेमतेम दोनदा खातं. त्याचं वजन वाढत नाही.

लघुपटाचा पहिला भाग अंगणवाडीतला आहे. सेविका कुलूप काढते, मदतनीस अंगण झाडते, तीन ते सहा वर्षांची मुलं येतात, हात धुतात, ओळीत बसतात, खिचडी वाढली जाते. एवढं पाहून प्रेक्षकाला बरं वाटतं, आणि वाटायलाही हवं, कारण या ताटांमागे पन्नास वर्षांचं काम आहे. त्या ओळीतली एक चार वर्षांची मुलगी अर्धी खिचडी खाते आणि उरलेली झाकणाच्या डब्यात भरून घरी नेते. कॅमेरा तिच्यामागून निघतो. माझ्या मते या लघुपटातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. कुपोषणावरची बहुतेक चित्रणं अंगणवाडीच्या किंवा दवाखान्याच्या दारात थांबतात. हे चित्रण दोन शेतं ओलांडून घरात जातं.

घरात आजी आहे. तिला कमी दिसतं. ओट्यावर तिच्या नातवाच्या हातात नागलीच्या भाकरीचा कोरडा तुकडा आहे. तो तुकडा चोखतो, खाली टाकतो, कोंबडी तो नेते, आजी दुसरा तुकडा देते. बहीण डबा उघडते, दोन घास भरवते आणि खेळायला पळते. ती चार वर्षांची आहे, तिने पळायलाच हवं. आईबाप, मोठी बहीण, सगळे कापणीला गेलेले. दिवेलागणीला आई येते, चूल पेटवता पेटवता त्याला पाजते, आणि भात शिजेपर्यंत ते मूल झोपून गेलेलं असतं. कुणीही त्याला उपाशी ठेवलेलं नाही, घरात अन्नही आहे. तरी त्या मुलाच्या पोटात दिवसभरात काय गेलं, याचा हिशेब केला तर तो त्याच्या गरजेच्या निम्म्यावरही येत नाही.

हा हिशेब नीट समजून घेण्यासारखा आहे, म्हणून थोडा सविस्तर मांडतो. लहान मुलाच्या पोटात एका वेळी किती मावतं, याचा ढोबळ अंदाज दर किलो वजनामागे 30 ग्रॅम असा धरतात. आठ किलोचं मूल एका वेळी फार तर 240 ग्रॅम खाईल, म्हणजे मोठी वाटीभर. आईचं दूध चालू असलेल्या एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुधाखेरीज वरच्या अन्नातून दिवसाला साधारण 550 कॅलरी लागतात. आपण बाळाला जी पातळ पेज किंवा वरणाचं पाणी देतो, त्याच्या एका ग्रॅमात अर्धी कॅलरीही नसते. अशा पेजेने तीनदा पोट तुडुंब भरलं तरी साडेतीनशेच्या आसपासच बेरीज होते, आणि प्रत्यक्षात दोनदाच खाल्लं तर विचारायलाच नको. मुलाचं पोट भरलेलं दिसतं, ते रडत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं, खाल्लं बिचाऱ्याने. तीच पेज दाट केली, चमच्यावरून घरंगळणार नाही इतकी दाट, त्यात एक चमचा तेल घातलं, तर त्या चमचाभर तेलाने 40 कॅलरी वाढतात आणि पोटातली जागा जवळजवळ अडत नाही. त्यात थोडी डाळ, कुस्करलेलं अंडं किंवा सुकटीची पूड पडली की प्रथिनंही आली. हे महाग नाही. मात्र असं खाणं दिवसातून चार-पाच वेळा द्यावं लागतं, प्रत्येक वेळी मुलासमोर बसावं लागतं, घास तोंडातून बाहेर आला तर पुन्हा द्यावा लागतो.

लघुपटाचा मधला भाग यासाठीच आहे. सेविका दुपारी त्या घरी येते. "आजी, वाटी आहे का एखादी?" असं विचारून डब्यातली खिचडी ती वाटीत काढते, बोटांनी मऊ करते, तेल घालते, बाळाला मांडीवर घेते आणि भरवायला लागते. ती वाटी संपायला जितका वेळ लागतो तितका सगळा पडद्यावर आहे. संकलकाने त्याला कात्री लावलेली नाही. मूल तोंड फिरवतं, हसतं, थुंकतं, सेविकेची बांगडी धरतं, मग एक घास गिळतं. पाहणाऱ्याला मध्येच चुळबुळ होते. ती होऊ द्यावी. मुलामागे असा वेळ रोज चार-पाचदा लागतो आणि पहाटेपासून शेतात किंवा भट्टीवर राबणाऱ्या बाईकडे तो नसतो, एवढी एक गोष्ट जरी प्रेक्षकांच्या अंगात मुरली तरी लघुपटाचं काम झालं.

सहा महिने ते तीन वर्षं या वयाबद्दल इतकं बोलायचं कारण आहे. गर्भातले नऊ महिने आणि जन्मानंतरची दोन वर्षं मिळून जो काळ होतो, त्यात शरीराची आणि मेंदूची जी वाढ होते ती पुढे कधी होत नाही. दोन वर्षांच्या मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे 80 टक्के आकाराचा झालेला असतो. ग्वाटेमालातल्या चार खेड्यांत 1969 ते 1977 या काळात एक अभ्यास झाला. दोन खेड्यांतल्या मुलांना प्रथिनं आणि उष्मांक भरपूर असलेलं अटोले नावाचं दाट पेय दिलं गेलं, उरलेल्या दोन खेड्यांत प्रथिनं नसलेलं आणि थोडीच शक्ती देणारं पेय. ती मुलं मोठी होऊन कमावती झाल्यावर संशोधक पुन्हा त्यांच्याकडे गेले. ज्या मुलग्यांना वयाच्या पहिल्या दोन वर्षांत अटोले मिळालं होतं, त्यांची तासाची कमाई इतरांपेक्षा 46 टक्क्यांनी जास्त निघाली. वयाची तीन वर्षं उलटल्यावर ज्यांना ते मिळालं, त्यांच्यात असा फरक दिसला नाही. आपली अंगणवाडी मुलांना ताजं जेवण देते ते तीन वर्षांनंतर. त्याआधीच्या मुलांसाठी ती घरी पाकीट पाठवते.

अंगणवाडीवर हा ठपका नाही. ती नसती तर काय झालं असतं, हे या भागाचा इतिहास जाणणाऱ्याला सांगावं लागत नाही. आणि हा इतिहास याच जिल्ह्यात घडला आहे. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्यासोबत होत्या. 1957 मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेपर्यंत येत नाहीत, म्हणून या दोघींनी शाळाच पाड्यातल्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. मुलांची नखं, केस, आंघोळ, खाऊ या सगळ्या गोष्टी त्यांनी शिक्षणातच धरल्या. कोसबाडहून फार दूर नसलेल्या कासा इथे सत्तरच्या दशकात डॉ. पी. एम. शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्याच अर्धवेळ काम करणाऱ्या बायांना मुलांची वजनं करायला आणि वाढीच्या तक्त्यावर ती मांडायला शिकवलं. फारसं न शिकलेली बाईसुद्धा कुठलं मूल घसरतं आहे हे ओळखू शकते, हे तिथे सिद्ध झालं. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली तेव्हा महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले पहिले प्रकल्प होते मेळघाटातलं धारणी आणि मुंबईतली धारावी. आज राज्यात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत.

आणि याच जिल्ह्यात, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत, 1992 साली मुलं दगावली. मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आत. त्या वेळची हाडांच्या सापळ्यासारखी दिसणाऱ्या मुलांची छायाचित्रं अनेकांच्या डोळ्यांपुढून अजून गेली नसतील. त्या छायाचित्रांनी सरकार हललं, हे खरं. पण त्यांनी एक समजही पक्का केला, की कुपोषित मूल म्हणजे तसं दिसणारं मूल. या लघुपटात तसं एकही दृश्य नाही. दिग्दर्शकाने ते मुद्दाम टाळलं आहे आणि मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. उपासमारीचा चेहरा दाखवून प्रेक्षकाचं मन हेलावतं, पण ज्याचं मूल आहे त्याची आबरू जाते. शिवाय बहुतेक कुपोषित मुलं तशी दिसतच नाहीत. ती खेळतात, हसतात, अंगणात पळतात. ती फक्त वयाच्या मानाने लहान असतात, आणि आजूबाजूची सगळीच मुलं तेवढीच असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलीची उंची साधारण 86 सेंटिमीटर असायला हवी. ती 80 च्याही खाली गेली, तर तिची वाढ खुंटली असं समजतात. अशी मुलगी शेजारच्या दीड वर्षाच्या मुलीएवढी दिसते, आणि घरचे म्हणतात, आमच्याकडे सगळे बुटकेच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं अशी खुंटलेली आढळली. उंचीच्या मानाने फार बारीक असलेली मुलं जवळजवळ 26 टक्के होती, आणि एकूण मुलांतली 11 टक्के अतितीव्र. चौथ्या फेरीत, म्हणजे 2015-16 मध्ये, आकडे जवळपास हेच होते. आणि सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आणि पुरेशा प्रकारचा आहार मिळणारी मुलं शंभरांत 9 होती. हा शेवटचा आकडा गरीब घरांपुरता नाही, सगळ्या महाराष्ट्राचा आहे. तो वाचून मी बराच वेळ थांबलो. बाकीचे आकडे परिणाम सांगतात, हा कारण सांगतो.

"आमच्याकडे सगळे बुटकेच" या वाक्यामागे एक गंभीर वादही आहे आणि त्यात एक मोठा मराठी माणूस होता. पां. वा. सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत त्यांनी वीस वर्षं संख्याशास्त्र विभाग सांभाळला आणि नंतर पुण्यात येऊन राहिले. माणसाचं शरीर कमी-जास्त आहाराशी स्वतःला जुळवून घेतं, त्यामुळे सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित मानणं चूक आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच सुमारास डेव्हिड सेक्लर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 'लहानखुरी पण निरोगी' मुलांचा सिद्धान्त मांडला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे माजी संचालक डॉ. सी. गोपालन यांनी दोन्हींना कडाडून विरोध केला. शरीराने टंचाईशी केलेली तडजोड म्हणजे आरोग्य नव्हे, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या नीट पोसलेल्या मुलांची मापं घेऊन 2006 मध्ये वाढीचे नवे तक्ते काढले. चांगलं खाणं, स्वच्छ पाणी, आजारपणात उपचार मिळाले तर पहिल्या पाच वर्षांत ओस्लोचं मूल आणि दिल्लीचं मूल जवळपास सारखंच वाढतं, हे त्यातून दिसलं. गोपालन यांचं म्हणणं खरं ठरलं. सुखात्म्यांच्या बाबतीत मात्र एक सांगायला हवं. शुद्ध पाणी आणि स्वच्छता यांच्याशिवाय नुसतं अन्न वाढवून उपयोग नाही, हेही ते सतत सांगत होते. सतत जुलाब होणाऱ्या मुलाच्या अंगी खाल्लेलं लागत नाही. मोखाड्यात धुवाधार पाऊस पडतो, मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. लघुपटात हंडा घेऊन उतरणारी बाई दोनदा दिसते, तिच्यावर निवेदनात एक शब्दही नाही. तो असायला हवा होता, असं मला वाटतं. पाण्यासाठी गेलेला वेळ हा मुलाला भरवण्याच्या वेळातूनच जातो.

आता पाकिटाविषयी. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीतून घरपोच आहार जातो, त्याला सगळीकडे टीएचआर म्हणतात. एके काळी त्यात शिरा, उपमा, सुखडीची तयार पिठं होती. गावोगावी हीच तक्रार ऐकू यायची, की मुलं ते खात नाहीत, शेवटी गुरांना घालावं लागतं. पोषण आहाराच्या पुरवठ्यात ठेकेदार नकोत, बचत गटांना आणि महिला मंडळांना काम द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच बजावलं होतं. त्या आदेशाचं महाराष्ट्रात काय झालं, यावर स्वतंत्र पुस्तक होईल. मला इथे एवढंच म्हणायचं आहे, की पाकिटातला माल कितीही सुधारला तरी ते घरात गेल्यावर सगळ्यांच्या ताटात जातं, आणि ते जाणारच. भुकेल्या सात वर्षांच्या मुलासमोर फक्त धाकट्यासाठी शिजवून बाजूला ठेवणं कुठल्याही आईला जमत नाही.

अंगणवाडीतल्या ताज्या जेवणाचं गणितही असंच तोकडं आहे. मुलामागे दिवसाचा खर्च 2017 साली 6 रुपयांवरून 8 रुपये झाला, आणि डाळ-तेलाचे भाव चढत गेले तरी वर्षानुवर्षं तिथेच राहिला. यातून 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं द्यायची असं तेव्हा ठरलेलं होतं. ज्यांनी घरखर्च चालवला आहे त्यांना याहून जास्त सांगायला नको. या अंधारात एक खरोखर चांगली गोष्ट आहे, ती म्हणजे आदिवासी भागातली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना. 2015 मध्ये तिच्यातून गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचं पूर्ण जेवण सुरू झालं, आणि 2016 पासून सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी, अंडी न खाणाऱ्यांना केळी. अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, त्यात भेसळ करता येत नाही, ते मोजून देता येतं आणि मुलं ते आवडीने खातात. लघुपटात उकडलेलं अंडं सोलणाऱ्या मुलाचा आनंद पाहिला की शाळेत-अंगणवाडीत अंडी नकोत म्हणणाऱ्यांना मोखाड्याला घेऊन यावंसं वाटतं. पुरवठा नियमित ठेवणं आणि बिलं वेळेवर देणं एवढंच सरकारने केलं तरी खूप आहे.

सेविकेबद्दल लघुपट फारसं बोलत नाही, तिचं काम मात्र दाखवतो. वजनकाटा, उंचीची पट्टी, दंडघेराची फीत. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली दंड भरला की फीत लाल दाखवते आणि ते मूल अतितीव्र कुपोषित, सेविकांच्या बोलण्यात सॅम. साडेअकरा ते साडेबारा म्हणजे मॅम. सॅम मूल आजारी असेल तर दवाखान्यातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात, नसेल तर गावातच ग्राम बाल विकास केंद्रात महिनाभर ठेवून दिवसातून अनेक वेळा खायला देतात. त्या महिन्यात वजन वाढतं. मग मूल घरी जातं, ओट्यावर आजीपाशी. हे सगळं मोजून सेविकेने मोबाइलवर भरायचं असतं. 2021 मध्ये राज्यातल्या सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाइल परत केले, इंग्रजीतल्या ॲपबद्दल तक्रार केली, तेव्हा शहरात बऱ्याच जणांना ते आडमुठेपण वाटलं. ज्या बाईवर आपण मुलांचा जीव सोपवतो तिला पगार नाही, मानधन आहे. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हेसुद्धा 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. त्या मानधनात ती दुपारी दोन शेतं ओलांडून भरवायला जाते. ते तिचं ठरलेलं काम नाही, आणि प्रत्येक घरी तिने जावं अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे.

लघुपटाचा शेवट दिवाळीनंतरचा आहे. कापणी संपते, आणि ते कुटुंब बिऱ्हाड बांधून वीटभट्टीवर निघतं. भट्टीमालकाचा बयाणा आधीच घेतलेला, लग्नात किंवा आजारपणात खर्चही झालेला. तो फेडायला होळीपर्यंत, कधी पावसापर्यंत तिथे राहायचं. आठवड्याला मिळते ती खर्ची. पहाटे अंधारात गारा कालवायचा, विटा पाडायच्या. मूल झोळीत किंवा विटांच्या आडोशाला. पाड्यातल्या अंगणवाडीच्या पटावर त्याचं नाव राहतं, भट्टीजवळच्या अंगणवाडीला ते माहीत नसतं. वसई, भिवंडी, वाड्याकडच्या भट्ट्यांवर वारली आणि कातकरी मुलं दर वर्षी अशी चार-सहा महिने मोजमापातून गळतात. परत आल्यावर वजनकाट्यावर ती पुन्हा लाल होतात आणि त्या महिन्याचा अहवाल पाहून सेविकेलाच विचारलं जातं, काय केलंस?

मग या मुलाला भरवायचं कुणी? आईचं प्रबोधन करा, असं उत्तर नेहमी मिळतं. मी ते पूर्ण नाकारत नाही. पेज दाट करावी, तेल घालावं, आजारपणातही खायला द्यावं, हे सांगण्याने फरक पडतो. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनने 2005 नंतर याच पहिल्या दोन वर्षांवर लक्ष दिलं, आणि राज्यात दोन वर्षांखालच्या खुंटलेल्या मुलांचं प्रमाण 39 टक्क्यांवरून 2012 च्या पाहणीत 23 टक्क्यांवर आलं. बदल होतो, याचा याहून चांगला पुरावा नाही. पण ज्या आईला सगळं समजलं आहे आणि जी शेतात आहे, तिला आणखी समजावून काय साधणार? तिला हवं आहे ते पाळणाघर. पाड्यावरच, तिच्या ओळखीच्या एका-दोन बायांनी चालवलेलं, जिथे सहा महिन्यांपासूनची मुलं दिवसभर राहतील आणि तीन-चार वेळा मांडीवर बसून खातील.

हे स्वप्नरंजन नाही. 1969 साली दिल्लीत, गांधी जन्मशताब्दीच्या तयारीचं बांधकाम चालू असताना, मातीत पडलेली मजुरांची बाळं पाहून मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून 'मोबाइल क्रेशेस' उभी राहिली आणि तिचं काम मुंबईतल्या बांधकामांवरही आलं. छत्तीसगडमध्ये गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या डॉक्टरांनी आदिवासी खेड्यांत 'फुलवारी' सुरू केल्या. गावातलीच बाई मुलं सांभाळते, त्यांना खिचडी, सत्तू, अंडं भरवते, आया कामाला जातात, आणि मोठ्या बहिणी शाळेत जातात. हा शेवटचा फायदा मोजायला आपण विसरतो. रोजगार हमीच्या कायद्यात तर कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली की ती सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमायचं, असं लिहूनच ठेवलं होतं. ही सोय असलेली कामं किती जणांनी पाहिली असतील? केंद्राच्या 'पालना' योजनेतही अंगणवाडीला जोडून पाळणाघर करता येतं.

लघुपटात एक उणीव मला शेवटपर्यंत जाणवत राहिली. त्यात बाप भात झोडतो, बिऱ्हाड उचलतो, विटा पाडतो; मुलाला भरवताना मात्र कुठेच दिसत नाही. कदाचित जे दिसलं तेच दाखवलं असेल. पाहून झाल्यावर पुरुषांनी यावर बोलावं, म्हणून गावात लघुपट दाखवताना तो बायांच्या बैठकीपुरता ठेवू नये. सरपंच, पेसा समितीचे सदस्य, पोलीस पाटील, गावातले तरुण समोर बसलेले हवेत. वीटभट्टी मालकांनाही बोलवावं. त्यांच्या भट्टीवर एक छप्पर, एक बाई आणि एक चूल उभी करणं त्यांच्या आवाक्यातलं आहे.

शहरात हा लघुपट पाहणाऱ्यांनी तो दूरच्या आदिवासींचा म्हणून पाहू नये. गोवंडीच्या वस्तीत सकाळी कामावर निघणाऱ्या घरकामवाल्या बाईचं दीड वर्षाचं मूलही कुणा बहिणीच्या कडेवरच असतं, आणि ती बाई आपल्याच घरी येत असते.

जव्हार आणि मोखाडा हे संपूर्ण तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. आदिवासी उपयोजनेच्या निधीतला 5 टक्के वाटा अशा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि तो कशावर खर्च करायचा हे ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. लघुपट संपल्यावर दिवे लागतील तेव्हा घरी जायची घाई करू नका. गावात सहा महिने ते तीन वर्षांची मुलं किती, दिवसा ती कुणाकडे असतात, हे तिथेच बसून सेविकेच्या वहीवरून मोजा. मग पाळणाघरासाठी जागा कुठली, बाया कोण, शिधा कुठून, हे ठरवून पुढच्या ग्रामसभेत तसा ठराव मांडा, आणि तो दिवाळीच्या आधी मांडा, कारण दिवाळीनंतर ती मुलं गावात नसतात.